फोटो त्यांनी काढले, मथळे तुम्ही दिलेत

गोव्यातील ज्येष्ठ नागरिकांवर संशोधन करणारे प्राध्यापक, मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांस,

सप्रेम नमस्कार.

म्हाताऱ्या माणसांच्या हाती कॅमेरा द्यायचा, त्यांचे जगणे त्यांनाच टिपायला सांगायचे आणि मग त्या फोटोंवर त्यांच्याशी बोलायचे, ही तुमची 'फोटोव्हॉइस' पद्धत आमच्या तालुक्यापर्यंत पोचली याचा मला आनंद आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे वाचून मी विरोधात आहे असा कोणाचा समज व्हायचा. डिचोलीत माझा फोटो स्टुडिओ होता. रोलच्या जमान्यापासून डिजिटलपर्यंत धंदा केला. आता दुकान मुलगा बघतो. फोटो कमी आणि झेरॉक्स, लॅमिनेशन जास्त. तुमच्यातल्या काही गटांचे प्रिंट आमच्याच दुकानात निघाले, आणि गावात सगळेच ओळखीचे, म्हणून काही बैठकांना मीही जाऊन बसलो. वयाने तर तुमच्या पाहणीत मी केव्हाच बसतो.

आमच्या पिढीचा फोटोशी संबंध कसा आला, ते आधी ऐका. पासपोर्ट साईज, मागे पांढरा पडदा, दोन्ही कान दिसले पाहिजेत. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा, म्हणजे गोवा सरकारच्या पेन्शनीचा अर्ज, आधार, बँकेची केवायसी, एकामागून एक कागद. पदर कानामागे घ्या, मान सरळ, हसू नका, की फ्लॅश. त्याआधीचा फोटो असलाच तर लग्नातला. आणि शेवटचा भिंतीवरचा, हार घातलेला. तोसुद्धा पुष्कळदा आम्ही त्या पासपोर्टवरूनच एनलार्ज करून द्यायचो, कारण घरात दुसरा नसायचाच. म्हणजे फोटो दुसऱ्याने काढायचा, दुसऱ्याच्या कामासाठी. अशा बाईला पंचाहत्तरीत कोणी म्हणाले, 'आजी, तुम्हाला काय दाखवायचे ते तुम्ही दाखवा', तर ती आधी दचकते. मग जे दाखवते ते मी दुकानात इतकी वर्षे बसून कधी पाहिले नव्हते.

एका आजींनी बसची पायरी टिपली होती. बस नाही, नुसती पायरी. थांब्यावर उभ्या मिनीबसचे दार, दाराखालची पत्र्याची पायरी, तिच्याखाली डांबर उखडून वर आलेली खडी, आणि पायरीला टेकवून उभी केलेली त्यांची काठी. काठीला पांढऱ्या दोऱ्याची खूण बांधलेली. आपला गुडघा कुठवर येतो ती खूण. पायरी त्या खुणेच्या चांगली चार बोटे वर. विद्यार्थिनीने विचारले, 'आजी, काठी कशाला ठेवलीत फोटोत?' आजी म्हणाल्या, 'बाय, मापाशिवाय कोण विश्वास ठेवतो?'

पुढे हा फोटो राजधानीतल्या एका सभागृहात प्रदर्शनाला लागला. खाली इंग्रजीत मथळा होता. अर्थ साधारण असा, की वार्धक्यामुळे हालचालींवर येणाऱ्या मर्यादा. म्हणजे मर्यादा आजींची ठरली आणि पायरी सुटली. डांबर न घालणाराही सुटला.

माझे सगळे म्हणणे या मथळ्याभोवती आहे. कॅमेरा हाती देणे ही या पद्धतीतली सोपी बाजू. कोणता फोटो ठेवायचा, त्याखाली काय लिहायचे, तो कुठे लावायचा आणि कोणाला बोलावून दाखवायचा, हे ज्याच्या हाती ते संशोधन त्याचे. आणि या चारही गोष्टी अजून तुमच्याच हाती आहेत.

फोटोव्हॉइस हे नाव मी पहिल्यांदा तुमच्याच तोंडून ऐकले. मग जमेल तसे वाचत गेलो. कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी १९९२ च्या सुमारास चीनच्या युन्नान प्रांतात खेड्यातल्या बायकांच्या हाती कॅमेरे दिले, तिथून हे सुरू झाले. काम बायकांच्या आरोग्याचे होते. मागे विचार होता ब्राझीलच्या पाउलो फ्रेरी यांचा: अक्षरओळख नसलेल्या माणसांपुढे त्यांच्याच जगण्यातले चित्र ठेवायचे, आणि हे असे का आहे यावर त्यांनीच बोलायचे. युन्नानमधल्या एका फोटोत आई मक्याच्या शेतात तण काढते आहे आणि तान्हे मूल एकटेच पडले आहे. त्या कामातून पुढे लहान मुलांसाठी पाळणाघरे, सुइणींचे प्रशिक्षण आणि मुलींसाठी शिष्यवृत्त्या निघाल्या. कारण सुरुवातीलाच तीन उद्दिष्टे ठरली होती. लोकांनी आपल्या गावाचे बळ आणि काळजी टिपावी, त्यावर गटात मोकळी चर्चा व्हावी, आणि हे सारे निर्णय घेणाऱ्यांपर्यंत पोचावे. आमच्याकडे पहिले होते, दुसरे अर्धेमुर्धे होते, तिसऱ्याची वेळ येईतो तुमची व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, झालेली असते.

याच्याही आधी, १९५७ साली, जॉन कॉलियर या मानववंशशास्त्रज्ञाने नुसती प्रश्नावली आणि फोटो समोर ठेवून घेतलेली मुलाखत यांची तुलना केली होती. फोटो असला की माणसे जास्त वेळ बोलतात, तेच तेच सांगत नाहीत आणि थकत नाहीत, असे त्याला आढळले. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्याकडच्या एका काकांना मागे प्रश्नावली घेऊन बसवले, तर पाचव्या प्रश्नाला ते 'चालले आहे, देवाची कृपा' यावर आले आणि तिथून हलेनात. त्याच काकांपुढे त्यांनी स्वतः काढलेल्या फोटोंचे प्रिंट मांडले आणि चहा दोनदा गरम करावा लागला.

प्रश्नावलीची टर उडवण्याचा हेतू नाही. वाढत्या वयावरच्या 'लासी' या देशव्यापी पाहणीत २०१७-१८ साली पंचेचाळीस वर्षांवरची माणसे आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जणांची माहिती गोळा झाली; ते काम फोटोंनी व्हायचे नाही. गोव्यात ज्येष्ठांवर चांगले संशोधन झाले आहे. साध्या प्रशिक्षित समुपदेशकांच्या मदतीने साठीपुढच्या लोकांमधले नैराश्य आधीच रोखता येते, हे दाखवणारा अभ्यास इथलाच, २०१९ साली प्रसिद्ध झालेला. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्यांचे प्रमाण केरळात १२.६ टक्के होते आणि त्याखालोखाल आपल्या गोव्यात, ११.२ टक्के. म्हणजे तेव्हाच दीड लाखावर माणसे. किती जणांना पायऱ्या चढताना त्रास होतो हे पाहणी सांगेल. नेमकी कुठली पायरी, ते काठीला दोरा बांधणारी आजीच सांगेल.

तर मथळ्यांकडे परत येतो. एका गृहस्थांनी पडवीतल्या रिकाम्या खुर्चीचा फोटो काढला होता. फोटो पाहताच तुमच्या गटातल्या मुलांचे चेहरे गंभीर झाले. एकाने वहीत 'एकाकीपणा' लिहूनही टाकले. मी मागे बसून वाट पाहत होतो. गृहस्थांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, खुर्चीचे काही नाही हो, वर बघा. वर कौले सरकली होती आणि फटीतून आभाळ दिसत होते. खुर्ची तिथून हलवली होती ती पाणी गळते म्हणून, पण उन्हाचे दिवस म्हणून परत आणून ठेवलेली. पावसाआधी कौले परतायला आता गावात माणूस मिळत नाही, मिळाला तर एका दिवसाचे जे मागतो ते पेन्शनीतून परवडत नाही, आणि स्वतः चढायचे तर पोरे ओरडतात. अर्धा तास ते छपरावर बोलले. एकाकीपणाचे विचाराल, तर त्यांच्या पडवीत रोज संध्याकाळी पत्त्यांचा डाव बसतो.

दुसरे एक आजोबा खाणपट्ट्यातल्या गावचे. त्यांनी दिलेल्या फोटोंत म्हातारपण असे काही नव्हतेच. अंगणातून दिसणारा खाणीचा डंप, म्हणजे टाकाऊ मातीचा ढीग, पावसात तिथून वाहून आलेल्या तांबड्या गाळाने भरलेला शेताचा कोपरा, आणि आटलेली झर. मार्गदर्शकांनी हे फोटो 'विषयाबाहेरचे' म्हणून बाजूला ठेवले. मला हे अजून खटकते. तुम्ही वार्धक्याबद्दल विचारलेत, त्याने गावाबद्दल उत्तर दिले. ज्याने ते शेत पन्नास वर्षे कसले त्याला स्वतःच्या गुडघ्यांपेक्षा शेताची काळजी जास्त असेल, तर तोच तुमचा निष्कर्ष नव्हे का? वयस्क माणसाचा विषय फक्त त्याचे वय असतो, हे कोणी ठरवले?

चर्चेसाठी तुमच्याकडे पाच प्रश्नांचा एक छापील साचा असतो: इथे काय दिसते, खरे तर काय घडते आहे, आपल्या आयुष्याशी याचा काय संबंध, हे असे का आहे, आणि आपण काय करू शकतो. पहिले चार ठीक. पाचवा विचारला की आमची माणसे एकमेकांकडे बघून हसतात. ऐंशी वर्षांच्या बाईला बसच्या पायरीचे 'आपण काय करू शकतो' म्हणून विचारायचे? तो प्रश्न ज्यांना विचारायचा ती माणसे त्या खोलीत आणून बसवा, मग खुशाल विचारा.

आता चेहऱ्यांचा प्रश्न. तुमच्या नीतिमत्ता समित्या कडक असतात, असाव्यातही. संमती तीन वेगवेगळ्या गोष्टींची लागते: भाग घेणाऱ्याची, फोटोत येणाऱ्या दुसऱ्या माणसांची, आणि फोटो बाहेर दाखवण्याची. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सही करता न येणाऱ्याचा अंगठा घेताना त्रयस्थ साक्षीदार हवा. हे सगळे बरोबरच आहे. पण व्यवहारात होते असे, की पहिल्याच दिवशी, एकही फोटो काढलेला नसताना, तिन्ही संमत्या एका दमात घेतल्या जातात. जो फोटो अजून जन्मालाच आलेला नाही त्याची परवानगी माणूस काय समजून देणार? प्रिंट हातात आल्यावर, एकेका फोटोपुरते विचारा. प्रदर्शनाआधी पुन्हा विचारा. विसराळूपणा वाढत चाललेल्या माणसाला तर दर भेटीत नव्याने, आणि त्या दिवशी तो नाही म्हणाला तर त्या दिवशी नाही.

सरसकट चेहरे धूसर करण्याचे मला अजिबात पटत नाही. गावात त्याने काहीच लपत नाही. तुळशीवृंदावनाचा रंग, दाराची कडी, लुगड्याचे काठ यांवरून सगळे ओळखतात. उलट धूसर चेहऱ्यामुळे काहीतरी भानगड आहे असे वाटते. एका आजींनी स्वतःचा तसा प्रिंट पाहून विचारले, 'मी काय चोरी केली?' नाव आणि चेहरा राहू दे म्हणणाऱ्याचा तो हक्क आहे. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सुनेने वेगळे ठेवलेले ताट, पलंगाखालची बादली, संपलेल्या गोळ्यांची रिकामी पट्टी असले फोटो निघतात. ते बाहेर लागले तर प्रदर्शन संपल्यावर ती बाई त्याच घरात राहणार आहे आणि तुम्ही ताळगावला विद्यापीठात परत जाणार आहात. असे फोटो बैठकीच्या खोलीपुरतेच ठेवायचे, हे बोलणे आधी झाले पाहिजे. आणि जे फोटो काढताच आले नाहीत, त्यांबद्दलही विचारा. 'एक फोटो काढायचा होता पण काढला नाही, तो कुठला?' एवढा एक प्रश्न बैठकीत टाकून बघा.

थोडे माझ्या धंद्यातले सांगतो, यात तरी माझे ऐका.

सुकलेल्या बोटांना टच लागत नाही. आजी पडद्यावर बोट दाबत राहतात, फोटो निघत नाही, मग जोरात दाबतात आणि फोन हलतो. आवाजाचे बटण दाबूनही फोटो निघतो, ते शिकवा. मनगटात अडकवायची दोरी लावा, फोन पडायची भीती गेली की हातही कमी थरथरतो. मोतीबिंदू असलेल्याला उन्हात पडद्यावर काही दिसत नाही, त्याला म्हणावे तुम्ही नुसता रोख धरा. पाठीत वाकलेल्या माणसाचे फोटो खालून आणि तिरके येतात. कृपा करून ते संगणकावर सरळ करू नका, कापू नका. त्याला जग तसेच दिसते, आणि तुम्ही त्याचेच बघायला आला आहात. अंथरुणाला खिळलेल्यांना वगळू नका. खिडकीच्या चौकटीतून, उशीवरून, छताचे, औषधांच्या फळीचे फोटो निघतात.

मोबाईलमध्ये शेकड्याने फोटो साठतात आणि शंभरांतून निवडताना म्हातारे माणूस दमते. मग 'तूच निवड बाय' म्हणते, आणि निवड तुमच्याकडे आली. रोलमध्ये छत्तीसच असायचे, त्याचा फायदा होता. म्हणून आधीच मर्यादा घाला. आणि लॅपटॉपवर स्लाइड शो दाखवून चर्चा नको. प्रिंट काढा, थोडे मोठे, मॅट कागदावर. चकचकीत कागदावर ट्यूबलाइट पडली की मोतीबिंदूवाल्याला नुसता उजेड दिसतो. प्रिंट टेबलावर पसरले की हात पुढे येतात. हा इकडे, तो तिकडे, याच्या शेजारी हा ठेव, हा उलटा ठेव, तो नको. ज्याचा फोटो तोच बोलेल, आणि मागच्या बाजूला तो म्हणेल तेच शब्द लिहायचे. मथळा तिथेच तयार होतो. इंग्रजीत हवा असेल तर तुम्ही खाली बारीक अक्षरांत करा.

वेळेचे एक सांगायचे आहे, याकडे कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. तुमचे शोधनिबंध पावसाआधी सादर व्हायचे असतात, म्हणून तुम्ही जानेवारी ते मार्चमध्ये येता. हवा छान, रस्ते कोरडे, जत्रांचे दिवस, माणसे अंगणात. तेव्हा आमचे म्हातारेही बरे असतात. त्यांचे खरे हाल आषाढ-श्रावणात. विहिरीच्या पायठणीवर शेवाळ, न्हाणीघरापर्यंतचे अंगण निसरडे, वीज गेली की तीन-तीन तास येत नाही, गुडघे धरतात, ओले कपडे वाळत नाहीत, आणि ओपीडीला जायचे तर छत्री, काठी आणि पिशवी यांना दोन हात पुरत नाहीत. पावसाळ्यातला एकही फोटो तुमच्या प्रबंधांत मला दिसला नाही. गोव्यातल्या म्हातारपणाचा अभ्यास, आणि पाऊस नाही!

आणि प्रदर्शन. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने ज्येष्ठांना सोयीच्या शहरांसाठी मार्गदर्शिका काढली, ती जगातल्या ३३ शहरांतल्या वृद्धांना विचारून. आपल्याकडची दिल्ली आणि उदयपूर त्यांत होती. पदपथ, बाकडी, बसच्या पायऱ्या, शौचालये यांसारख्या गोष्टी लोकांनीच सांगितल्या. म्हणजे म्हातारे काय म्हणतील हे आता गूढ राहिलेले नाही. म्हणाल्यावर पुढे काय होते हा प्रश्न आहे. वातानुकूलित सभागृहात, दुपारी, प्राध्यापकांनी प्राध्यापकांसमोर फीत कापली. फोटो काढणाऱ्यांपैकी जे आले ते पुढच्या रांगेत बसले, त्यांना शाली मिळाल्या, माईक मिळाला नाही. बाकीचे आलेच नाहीत, कारण यायचे तर त्याच बसच्या त्याच पायरीवरून. हे कोणाच्याच लक्षात आले नाही.

त्यापेक्षा पंचायतघराच्या भिंतीवर लावा. ग्रामसभा रविवारी असते, सरपंच, पंच, सचिव तिथे बसलेले असतात आणि उठून जाऊ शकत नाहीत. आजींनी स्वतः उभे राहून फोटो दाखवावा, न जमले तर बसून. बोलल्याची नोंद इतिवृत्तात घ्यायला लावा. रस्त्याच्या कडेची खडी हा पंचायतीचा किंवा बांधकाम खात्याचा विषय असेल, पायरी वाहतूक खात्याचा, पण तिथे ठराव झाला तर तो पुढे कागदाने जातो. फोटो अर्जाला जोडा, दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. ऑफिसात कागद फिरतो, भावना फिरत नाहीत. संशोधन म्हणजे मोर्चा नव्हे, असे तुमच्यातले एक सर मला म्हणाले. असेल. मग युन्नानमधल्या त्या बायकांचा दाखला प्रत्येक प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात कशाला देता?

फोटो कोणाच्या मालकीचे, तेही कागदावर यावे. एक संच काढणाऱ्याच्या घरी राहिला पाहिजे, चांगल्या कागदावर, अल्बममध्ये. पेनड्राइव्ह देऊन आमच्या घरी काय करणार? वापरायचा तर त्याचे नाव, त्याला हवे असेल तर. काढून घ्या म्हणाला तर काढून घ्यायचा, प्रबंध छापून झालेला असो वा नसो. निदान पुढच्या वापरातून तरी.

पुढच्या गटाने आषाढात यावे. येताना छत्री आणि मॅट कागदाचे पैसे आणावेत. कॅमेरे नको, मोबाईल बहुतेक घरांत आहेत. पायरीवाल्या आजींना आधी विचारा, नवीन मुलांना काठीला दोरा कसा बांधायचा ते त्या शिकवायला तयार आहेत. चहा आमच्याकडून.

आपला,
एक निवृत्त फोटोग्राफर
डिचोली, गोवा